एक्याऐंशी दिवे आणि सोळा खाटा: स्कॉटलंडच्या एका किल्ल्यातलं सहस्रचंद्रदर्शन

पार्श्वभूमी

काकांना ऐंशी पूर्ण होऊन वर काही महिने झाले की सहस्रचंद्रदर्शन करायचं, एवढं घरात ठरलेलं होतं. कुठे करायचं, यावर मात्र एकमत होईना. थोरला मुलगा लंडनजवळ राहतो. त्याचं म्हणणं, सरळ हॉल घ्या, केटरर सांगा, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. धाकट्याला पुण्यातलं कार्यालय हवं होतं. मुलगी ग्लासगोत असते. तिने ॲबर्डीनशायरमधल्या एका किल्ल्याचं नाव काढलं आणि तोवर ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणणारे काका सावरून बसले.

त्याला कारण होतं. काका १९७० च्या दशकात डॉक्टर म्हणून ब्रिटनला आले. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची इस्पितळं तेव्हा भारतीय उपखंडातून येणाऱ्या डॉक्टरांवर खूपच अवलंबून होती, आणि आपल्याकडच्यांच्या वाट्याला बहुधा आडबाजूच्या जागा येत. काकांना मिळाली ती स्कॉटलंडच्या ईशान्येला. ड्यूटीवर जाता-येता झाडांमागे या किल्ल्याचं निमुळतं छप्पर दिसायचं. आत पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता, कारण तिथे माणसं राहत होती.

अजूनही राहतात. ॲबर्डीनशायर हा किल्ल्यांचा मुलूख. त्यातले नावाजलेले, म्हणजे १६२६ साली पुरा झालेला गुलाबी क्रेगीव्हार किंवा बर्नेट घराण्याचा क्रॅथेस, आता वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आहेत आणि तिकीट काढून बघता येतात. पण शेतं आणि झाडीआड असलेले कितीतरी लहान किल्ले खासगी मालकीचेच आहेत. आपल्या मनातला तटबंदी-माचीचा गड इथे शोधू नये. मराठवाड्यातली देशमुखाची गढी जास्त जवळची: दरोडेखोरांपासून सांभाळायचं, पण मुळात घर. तळाला दगडी कमानीच्या छताची कोठारं, त्यावर दिवाणखाना, त्यावर एकावर एक निजायच्या खोल्या, आणि सगळ्यांना जोडणारा एकच गोल दगडी जिना. या किल्ल्याला एकोणिसाव्या शतकात शेजारून एक नवी बाजू जोडली गेली. तिथे सरळ लाकडी जिना आणि मोठ्या खिडक्या आहेत. हौसेने पाहणारे मूळ मनोऱ्याचे फोटो काढतात आणि ही बाजू फ्रेमबाहेर ठेवतात. आमच्या प्रकरणात शेवटी तिनेच लाज राखली.

असं घर लोक भाड्याने का देतात? मुख्य कारण छप्पर. इमारत ‘ए’ वर्गात संरक्षित असली की स्लेटच्या जागी स्लेट आणि चुन्याच्या जागी चुनाच लावावा लागतो. दुरुस्तीच्या बिलावर २० टक्के व्हॅट बसतो, आणि मालक गेला की वारसांसमोर ४० टक्के दराचा वारसा कर उभा राहतो. खासगी मालकांनी १९७३ साली आपली संघटना काढली ती याच काळजीतून. मग घरातली मंडळी एका कोपऱ्यात सरकतात आणि बाकीचं घर वर्षातले काही आठवडे अख्खं भाड्याने देतात.

मी स्कॉटलंडमध्ये राहतो आणि या कुटुंबाचा जुना परिचित आहे. जागेची बोलणी आणि प्रत्यक्ष कार्यक्रम, दोन्हीत होतो. त्यांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

पहिली अडचण: बावीस की सोळा

बुकिंग एका एजन्सीमार्फत झालं. जाहिरातीत लिहिलं होतं, २२ जण राहू शकतात. घरची मुक्कामी मंडळी मोजली तर बरोबर बावीसच भरत होती. थोरल्याने हा शुभशकुन मानला आणि आगाऊ रक्कम भरून टाकली. तारीखही ठरली: मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पौर्णिमा गाठायची काकूंची इच्छा होती, पण इंग्लंडमधल्या नातवंडांना शाळेची मधली (हाफ-टर्म) सुट्टी तेव्हाच. स्कॉटलंडच्या शाळा जूनअखेर सुटतात आणि इंग्लंडच्या जुलैच्या उत्तरार्धात, त्यामुळे दोन्हीकडच्या मुलांना सोयीचा उन्हाळी आठवडा काढणं म्हणजे पंचांगापेक्षा किचकट काम. गुरुजींनी जवळचा शुद्ध पक्षातला दिवस काढून दिला आणि तो वाद मिटला.

गडबड सूनबाईंच्या लक्षात आली. त्या हिशेब तपासण्याच्या पेशातल्या. जाहिरातीत परवाना क्रमांक कुठे दिसेना, म्हणून त्यांनी स्थानिक कौन्सिलची परवान्यांची नोंदवही उघडली. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून अशा अल्पमुदतीच्या भाड्याला परवाना लागतो. आधीपासून धंद्यात असलेल्या मालकांना अर्ज करायला १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदत होती. परवान्यात जास्तीत जास्त किती माणसं झोपू शकतात तो आकडा असतो, आणि जाहिरातीत परवाना क्रमांक छापणं आणि ती परवान्याशी जुळती ठेवणं बंधनकारक आहे. या किल्ल्याचा परवाना होता, चालू होता, पण आकडा होता सोळा. बावीस हा परवाना येण्याआधीच्या काळातला आकडा. एजन्सीने तो बदललाच नव्हता.

आता काय? घरातल्या ग्रुपवर चर्चा पेटली. नाशिकच्या मामांनी सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं: ‘‘अरे, रात्री कोण मोजायला येतंय? गाद्या टाकू खाली.’’ आपल्याकडे लग्नघरी हे चालतं आणि त्यात गैर काही वाटत नाही. पण हा आकडा नुसत्या जागेवरून आलेला नसतो. आग लागली तर त्या एका जिन्यावरून किती माणसं बाहेर पडू शकतील, हा विचारही त्यामागे असतो. शिवाय आकडा ओलांडला आणि काही झालं, तर मालकाचा विमा हात वर करू शकतो. मग प्रश्न भाडेकरूच्या गळ्यात.

कोणते पर्याय होते

रद्द करून आगाऊ रक्कम सोडायची, हा पहिला पर्याय. एजन्सीची चूक असल्याने ती परत मागता आली असती, पण त्यात आठवडे गेले असते आणि मेअखेरची दुसरी जागा मिळणं मुश्कील. दुसरा, किल्ल्याचं हॉटेल झालेली जागा घेणं. तिथे लिफ्ट असते, रात्री माणूस असतो, स्वयंपाकाची कटकट नसते. थोरल्याचा कल इकडेच होता, आणि काकूंच्या गुडघ्यांकडे पाहता तो चुकीचा नव्हता. पण हॉटेलच्या किचनमध्ये आपल्याला कोणी शिरू देत नाही, आणि पुण्याहून येणाऱ्या दोन वडीलधाऱ्या बायकांना सोवळ्याचा नैवेद्य स्वतः रांधायचा होता. तिसरा, सोळा जण किल्ल्यात आणि सहा जण जवळच्या गावातल्या छोट्या सरायीत.

तिसरा पर्याय ठरला. पण ‘ते सहा कोण’ हे ठरवताना जो ताण आला तो पहिल्या दोन पर्यायांत आला नसता. ज्याला त्याला किल्ल्यातच झोपायचं होतं. त्यात खर्चाचा मुद्दा. प्रौढ माणशी सारखी वर्गणी ठरली होती. मग सरायीत झोपणाऱ्यांनी तेवढीच का द्यायची? मुलीने तोडगा काढला: भाडं दोन भागांत पाडायचं. दिवाणखाना, स्वयंपाकघर, बाग ही सगळ्यांची, त्यांचा खर्च सगळ्यांत. खाटांचा खर्च जो झोपेल त्याचा. हा हिशेब कागदावर आला तेव्हा दोन तरुण जोडपी आपणहून सरायीत जायला तयार झाली. त्यांना रात्री एकांतही हवा होता, हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट इथे फार कामी आली. परवान्याचं कळल्यावर सूनबाईंनी एजन्सीला ईमेल करण्याआधी थेट मालकीणबाईंना फोन केला. त्या सत्तरीच्या, किल्ल्याच्या आवारातच राहणाऱ्या. त्यांना जाहिरातीतला आकडा माहीतच नव्हता. त्या ओशाळल्या, आणि तिथून पुढे सगळं बोलणं त्यांच्याशी होत गेलं. एजन्सीला फक्त प्रत जायची.

दुसरी अडचण: जिना

जाहिरातीतला सगळ्यात देखणा फोटो मनोऱ्याच्या वरच्या खोलीचा. चार खांबांचा पलंग, पडदे, खिडकीतून दिसणारं खोरं. काका-काकूंना हीच खोली द्यायची हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. काकूंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

मालकीणबाईंनी मागितल्यावर नकाशा पाठवला, हाताने काढलेला. त्या खोलीपर्यंत गोल जिन्याच्या ४४ पायऱ्या. पायरी आतल्या बाजूला चिंचोळी, बाहेरच्या बाजूला जेमतेम पाऊलभर, आणि मधोमध शतकानुशतकांच्या चालण्याने झिजून खोलगट झालेली. कठड्याच्या जागी एक जाड दोर, लोखंडी कड्यांतून ओवलेला. (हे जिने घड्याळाच्या दिशेने चढतात ते वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहावा म्हणून, असं प्रत्येक गाइड सांगतो. मला ते फारसं पटत नाही. डावीकडे वळणारे जिनेही भरपूर आहेत.)

धाकट्याने पुण्याहून सुचवलं, जिन्याला सरकती खुर्ची बसवून घेऊ, खर्च आपण करू. गोल दगडी जिन्यात ती बसत नाही, आणि बसली असती तरी संरक्षित इमारतीच्या भिंतीत भोकं पाडायला कौन्सिलची वेगळी मंजुरी लागते. दोन माणसांनी खुर्चीसकट उचलून न्यायची कल्पनाही निघाली. ती मुलीने जागच्या जागी मोडून काढली: वर नेता येईल, पण रात्री दोन वाजता खाली कोण आणणार?

मग मालकीणबाईंनी एकोणिसाव्या शतकातल्या बाजूची तळमजल्यावरची एक खोली देऊ केली. पूर्वी तिथे बंदुका आणि शिकारीचे बूट ठेवत. शेजारी शौचालय आणि बेसिन, अंघोळीला मात्र पहिल्या मजल्यावर जायचं, सरळ जिन्याने, दोन्हीकडे कठडा. त्यात दोन साध्या खाटा टाकल्या. फोटो काढण्यासारखं काहीही नव्हतं. काकांना हे सांगायचं कुणी, यावर मुलं आठवडाभर एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी काकूंनीच सांगितलं, आणि कारणात स्वतःचे गुडघे पुढे केले. खरं तर त्या वर्षात काकांचा तोल त्यांच्यापेक्षा जास्त जात होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिसरी अडचण: आग

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कसोटीचा निर्णय हा. करारात स्पष्ट होतं: घरात मेणबत्ती नाही, उघडी ज्योत नाही, तळण नाही. आणि आमच्या यादीत होम, एक्याऐंशी दिव्यांचं औक्षण, अखंड समई आणि पुऱ्या.

पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती. ‘दिवाणखान्यात शेकोटी पेटवता आणि आमची समई चालत नाही?’ पण मालकांची भीती पोकळ नसते. क्रॅथेसची एक अख्खी बाजू १९६६ साली जळाली. इंग्लंडच्या सरे परगण्यातलं क्लँडन पार्क हे जुनं घर २०१५ मध्ये एका दुपारी पेटलं आणि रात्रीपर्यंत भिंतीच तेवढ्या उरल्या; तिथे तर कारण विजेचा दोष होता. लाकडी तक्तपोशीमागे पोकळ जागा असतात, आग त्यातून न दिसता पसरते. शेकोटीला धुराडं आहे, जाळी आहे, वर्षाकाठी ते साफ होतं. समई शेजारून साडीचा पदर जातो.

सूनबाईंनी परवानगी मागताना एक शहाणपणा केला. ‘धार्मिक विधी आहे, कृपया परवानगी द्यावी’ असं मोघम न लिहिता प्रत्येक ज्योतीचा तपशील दिला: कुठे, किती मोठी, किती वेळ, खाली काय, बाजूला कोण. कुंडाची मापं, दिव्याचा फोटो. मालकीणबाईंनी तो कागद विमा कंपनीला दाखवला. उत्तर असं आलं: होम बाहेर, खडी घातलेल्या चौकात, भिंतीपासून लांब, पाण्याच्या बादल्या भरून. औक्षण आत चालेल, पण फक्त तळाच्या कोठारात. तिथे दगडी जमीन, दगडी भिंती आणि वर दगडी कमान. जळण्यासारखं काहीच नाही. ही कोठारं मुळात तशी बांधली ती खाली आग लागली तर वर चढू नये म्हणूनच. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने आमची सोय करून ठेवली होती. समई मात्र रात्री विझवायची. गुरुजींनी बॅटरीच्या दिव्यावर भागवायला नकार दिला, पण अखंड शब्दाचा आग्रह सोडला. तळण बाहेर, गॅसच्या शेगडीवर.

धाकट्याचा आणखी एक बेत होता: रात्री मनोऱ्याच्या गच्चीवर जाऊन सगळ्यांनी चंद्र बघायचा. त्याला ठाम नकार मिळाला, कठडा कमरेइतकाही नाही. तसंही त्या अक्षांशावर उन्हाळ्यातला भरलेला चंद्र दक्षिणेला अगदी क्षितिजालगत फिरतो, झाडांच्या वर यायलाच तयार नसतो. पूजेत चांदीची चंद्रप्रतिमा असते. तिच्यावर भागलं.

काय केलं

सामानाचं आधी सांगतो. भारतातून येणाऱ्यांनी तूप आणि पेढे बॅगेत टाकले होते, ते वेळेत काढायला लावले. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत. आंब्याचा डहाळा, तुळस, दूर्वा यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. नारळ चालतो. बाकीचं लंडनमधल्या वेम्बलीच्या दुकानांतून आलं. व्हिसाचं एकच: अर्ज लवकर केले होते, सगळे वेळेत मिळाले.

मंडळी पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी पोचली. त्याच्याही एक दिवस आधी यायला हवं होतं, असं माझं मत आहे, पण तो वाढीव रात्रीच्या भाड्याचा प्रश्न होता.

स्वयंपाकघरात आगा होतं: बिडाची जड चूल, कायम गरम, ज्योत कुठेच नाही. पुण्याच्या मावशींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘‘हिचा गॅस कुठून मोठा करायचा?’’ करायचा नाहीच. डावीकडचं झाकण उघडलं की कडक आच, उजवीकडे मंद. तासाभरात त्यांनी तवा डावीकडे, वरण उजवीकडे असं बसवून घेतलं आणि पोळ्या छान होऊ लागल्या. फुलके फुगवायला आग नाही, म्हणून त्या रुमालाने दाबून फुगवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-साडेसातला मिरचीची फोडणी पडली. स्कॉटलंडच्या घरांत फेब्रुवारी २०२२ पासून धुराचे आणि उष्णतेचे सगळे भोंगे एकमेकांना जोडलेले असावे लागतात; एक वाजला की सगळे वाजतात. स्वयंपाकघरात उष्णतेचा भोंगा होता, त्याला फोडणीचं काही वाटलं नाही. पण दार उघडं होतं आणि बाहेरच्या बोळात धुराचा होता. तळघरापासून मनोऱ्याच्या टोकापर्यंत एकच कल्लोळ.

केअरटेकर फाटकाजवळच्या घरातून धावत आला. त्याने भोंगा लगेच बंद केला नाही. आधी सगळ्यांना हिरवळीवर उभं केलं, मोजलं. सोवळ्यातल्या मावशी, टॉवेल गुंडाळलेला जावई, सगळे. पंधरा भरले. सोळावा, ग्लासगोचा किशोरवयीन नातू, मनोऱ्याच्या वरच्या खोलीत, काका-काकूंसाठी ठेवलेल्या त्याच पलंगावर, कानात इअरफोन घालून झोपला होता. त्याच्याच मजल्यावर दोन लहान मुली होत्या. त्या खाली आल्या होत्या, पण अनवाणी, बसत बसत, दोराला हात पोचत नव्हता म्हणून.

हा कार्यक्रमातला खरा वळणाचा क्षण. थोरला चिडला होता, मुहूर्त टळेल म्हणून. मुलीने मात्र तिथेच हिरवळीवर खोल्यांची अदलाबदल जाहीर केली: लहान मुलं नव्या बाजूला, मनोऱ्यात फक्त प्रौढ, आणि काका-काकूंच्या शेजारच्या खोलीत धाकटा. भोंगा वाजला तर त्याने दुसरं काही न बघता त्या दोघांना बाहेर काढायचं. खोल्या ठरवताना सगळ्यांनी मान, हौस आणि दृश्य बघितलं होतं. बाहेर पडायचा विचार तोवर फक्त काकूंपुरता झाला होता.

मग अंघोळी. पूजेआधी सोळा माणसांना अंघोळ, आणि गरम पाण्याची टाकी पाच-सहा अंघोळींत थंड. पाणी स्वतःच्या विहिरीचं, दाबही बेताचा. मुलीने आदल्या रात्री पाळ्यांचा कागद चिकटवला होता, पण भोंग्याने तो कोलमडला. मोठमोठ्या टबांत कोणी पाणी भरू नये म्हणून तिने गावातून बादल्या आणि प्लास्टिकचे मग आणून ठेवले होते. त्यावर निभावलं. होम तासभर उशिरा सुरू झाला. गुरुजींनी हरकत घेतली नाही.

समुद्राकडून आलेलं दाट धुकं दुपारपर्यंत हटलं नाही. तिथे त्याला ‘हार’ म्हणतात, मे महिन्यात पूर्व किनाऱ्याला नेहमीचं. त्याचा एक फायदा झाला: वारा नव्हता, ठिणगी उडाली नाही. केअरटेकर बादल्यांजवळ हात मागे बांधून पूर्ण वेळ उभा होता. शेवटी त्याला तीर्थप्रसाद दिला तेव्हा त्याने तो कसा घ्यायचा ते नातवाकडून आधी शिकून घेतलं.

दिवसभराच्या पाहुण्यांची मर्यादा चाळीस होती, विम्यामुळे. निमंत्रणाची यादी साठच्या वर गेली होती. इथे थोरल्याने कणखरपणा दाखवला. काकांच्या त्या काळातल्या इस्पितळातले लोक आधी, कारण ते थकले आहेत आणि लंडनला येणार नाहीत. बाकीच्यांसाठी नंतर लंडनला हॉलमध्ये वेगळा कार्यक्रम. काही नातेवाईक दुखावले. एक अजून बोलत नाहीत.

औक्षण संध्याकाळी कोठारात झालं. एक्याऐंशी कणकेचे दिवे, स्टीलच्या मोठ्या ताटांत, कारण तेल दगडात मुरलं तर निघत नाही. निवृत्त नर्स असलेल्या दोन स्कॉटिश बाईंनीही ओवाळलं.

रात्री सरायीकडे जाणारा रस्ता एकपदरी, समोरून गाडी आली की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं. इंग्लंडहून आलेल्या जावयांना ठाऊक नव्हतं की स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा डिसेंबर २०१४ पासून कमी आहे: शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये ८०. गावात रात्री टॅक्सी नाही. दोघांनी पाण्यावर भागवलं.

काय झालं

कार्यक्रम पार पडला, कुणाला इजा झाली नाही. अनामत रकमेतून थोडी कपात झाली: दिवाणखान्यातल्या लोकरी गालिच्यावर हळदीचा डाग. कोठारात सगळी काळजी घेतली आणि वर चहाच्या वेळी कुणाच्या तरी हातातलं हळदी-कुंकवाचं तबक कलंडलं. मालकीणबाईंनी धुलाईच्या बिलाची प्रत जोडली होती, त्यामुळे वाद झाला नाही. एजन्सीने जाहिरातीतला आकडा बदलला. चुकीबद्दल थोडी रक्कम परत देऊ केली, ती सरायीच्या बिलात गेली.

काका मनोऱ्यात एकदा चढले. दिवसाउजेडी, धाकटा मागे, नातू पुढे. वरच्या खोलीत खिडकीशी बसून त्यांनी रस्ता कुठे दिसतो ते शोधलं. झाडं वाढली होती, रस्ता दिसला नाही. खाली यायला चढण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला.

वेगळं काय करता आलं असतं

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी हातात हव्या होत्या: परवान्यातला आकडा, खोलीगणिक पायऱ्या दाखवणारा नकाशा, आणि पूर्ण नियमावली. या प्रकरणात तिन्ही नंतर आल्या. मालकीणबाई समजूतदार निघाल्या म्हणून निभावलं. एजन्सीपलीकडे बोलायलाच कुणी नसतं, तर सूनबाईंचा ज्योतींचा कागद कुठल्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहिला असता.

खोल्यांचं वाटप मुक्कामी पोचल्यावर, जिना प्रत्यक्ष चढून-उतरून बघितल्यावर करायला हवं होतं. घरून करून आलेली यादी कितीही नीटनेटकी असली तरी ती फोटोंवरून केलेली असते. भोंगा आपोआप वाजला. तो पहिल्या संध्याकाळी केअरटेकरला सांगून मुद्दाम वाजवून घेता आला असता. अशा घरांचे केअरटेकर याला आनंदाने तयार होतात.

गरम पाण्याचा प्रश्न फोनवर एका वाक्यात विचारता येतो: तासाला किती अंघोळी? इंग्रजी पाहुणे दिवसभरात विखरून अंघोळ करतात, म्हणून मालकांना ही अडचण कधी आलेलीच नसते आणि ते आपणहून सांगत नाहीत.

हॉटेल घ्यायला हवं होतं का, यावर घरात अजून दोन मतं आहेत. थोरल्याचं गणित असं की माणशी रात्रीचा खर्च साधारण दीडपट पडला आणि बायकांची अर्धी सहल स्वयंपाकघरात गेली. दुसरी गोष्ट खरी आहे. नैवेद्य घरी आणि बाकीची जेवणं बाहेरून, अशी वाटणी शक्य होती; ग्लासगो-एडिनबरातून मराठी जेवण करून देणारे लोक तेवढा प्रवास करतात. मुलीचं म्हणणं, हॉटेलात काका पाहुणे झाले असते, इथे ते यजमान होते, आणि दारात उभं राहून जुन्या सहकाऱ्यांना ‘या, आत या’ म्हणाले. मला विचारलं तर काकूंच्या बाजूने हॉटेल आणि काकांच्या बाजूने किल्ला. काकूंना कुणी स्वतंत्रपणे विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन येतंय आणि त्यांनी जागा सांगून टाकली आहे: पुणे, लिफ्ट असलेलं कार्यालय.